मातीच्या बोळक्यातला चहा

बँकेच्या नोकरीत चेहरे विसरले जातात, पत्ते मात्र लक्षात राहतात. मुंबईला प्रभादेवीच्या बाजूच्या एका शाखेत मी तीन वर्षं होतो. कर्जाचे अर्ज, जामीनदारांची पत्रं, थकबाकीच्या नोटिसा यांच्यावर तिथला एक पत्ता मी शेकडो वेळा वाचला असेल, लिहिला असेल : पी. बाळू मार्ग. शाळेपासून मला क्रिकेटचा नाद. १९७१ साली वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमध्ये मालिका जिंकली तेव्हाचे धावफलक मला आजही पाठ आहेत. पण हे पी. बाळू कोण, असा साधा प्रश्न त्या तीन वर्षांत एकदाही माझ्या मनात आला नाही. पिनकोड बरोबर आहे ना, एवढंच मी पाहत असे.

पुढे २००२ साली इतिहासकार रामचंद्र गुहा यांचा भारतीय क्रिकेटवरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो वाचताना हे नाव समोर आलं आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. वाडेकरांच्या विजयापूर्वी साठ वर्षं, १९११ साली इंग्लंडच्या मैदानांवर शंभराहून अधिक बळी घेणारा हा माणूस मराठी होता, कोकणच्या नावाचा होता, आणि पुण्याच्या मैदानात त्याला चहा मात्र तंबूबाहेर मातीच्या बोळक्यात मिळत असे.

ही चहाची गोष्ट मला अधिक लागली, त्याला कारण आहे. मी महाडचा. चवदार तळ्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर आमचं घर. दर वर्षी २० मार्चला आमच्या गावात माणसांचा पूर लोटतो, आणि लहानपणापासून आम्ही तो अभिमानाने पाहत आलो. पण अभिमान रस्त्यावरचा होता. घरातली गोष्ट वेगळी होती. भातकापणी झाली की सावित्रीच्या काठच्या शेतात आमचं क्रिकेट सुरू होई. आमच्या भागात खरा मान कबड्डीचा. क्रिकेट खेळणारी आम्ही पोरं थोडी आगाऊच गणली जात असू. आमच्यात एक मुलगा होता. टेनिसचा चेंडू तो असा वळवी की ढेकळावर पडला की फिरकीवर, ते कळतच नसे. तो बौद्धवाडीतला. खेळून आम्ही घामाघूम होऊन आमच्या घरी पाणी प्यायला यायचो. आम्हाला आजी तांब्या-भांडं द्यायची. तो पडवीच्या खाली उभा राहून ओंजळ पुढे करायचा आणि आजी वरून पाणी ओतायची. आजी प्रेमळ होती, त्याला लाडूही द्यायची, तोही वरूनच. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. मी काही बोललो नाही, हे मला नीट आठवतं. सत्याग्रहाला चाळीसेक वर्षं होऊन गेली होती आणि तळं आमच्या अंगणातून हाकेच्या अंतरावर होतं.

असो. गोष्ट बाळू पालवणकरांची सांगायची आहे.

कोकणातल्या पालवण गावावरून पडलेलं हे आडनाव. घराणं अस्पृश्य मानल्या गेलेल्या चांभार समाजातलं. बाळूंचा जन्म १८७५-७६च्या सुमारास धारवाडला झाला. वडील लष्कराच्या चाकरीत होते, त्यामुळे कुटुंब पुण्याला आलं. लष्कराच्या छावणीत साहेब लोक क्रिकेट खेळत आणि मोडकी बॅट, फाटका चेंडू टाकून देत. त्या टाकून दिलेल्या सामानावर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळ शिकले. शिवरामच्या पाठीवर गणपत आणि विठ्ठल. हे चौघेही पुढे हिंदूंच्या संघातून खेळले. जुन्या धावफलकांत ते पी. बाळू, पी. शिवराम, पी. विठ्ठल असे दिसतात, आडनाव एका अक्षरापुरतं उरलेलं. चार भाऊ एका घरातले म्हटल्यावर लिहिणाऱ्याची ती सोयही असेल.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा. पगार महिना तीन रुपये. १८९२च्या सुमारास ते साहेबांच्या पूना क्लबात गेले. तिथे चार रुपये. खेळपट्टी तयार करणं, चुन्याच्या रेघा मारणं, सरावाची जाळी उभी करणं, कधी टेनिसचं मैदान आखणं, अशी कामं. कुणा साहेबाने सहज चेंडू टाकायला सांगितलं, आणि डाव्या हाताने मंदगती चेंडू टाकणारा हा पोरगा साहेबांच्या सरावाचा भाग होऊन गेला.

त्या क्लबात कॅप्टन जे. जी. ग्रेग नावाचे फलंदाज होते. अंगाने लहानखुरे, पण हिंदुस्थानातल्या गोऱ्या फलंदाजांत पहिल्या रांगेतले. नावाच्या आद्याक्षरांवरून लोक त्यांना जंगली ग्रेग म्हणत. हे ग्रेग इतरांच्या आधी तासभर मैदानात येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करत. प्रत्येक वेळी बाद केल्याबद्दल ते बाळूंना आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. माझ्यातला बँकवाला इथे हिशेब मांडतो : ग्रेगना आठ वेळा बाद केलं की महिन्याचा पगार सुटला. आख्यायिका खरी असो वा नसो, रोज एका उत्तम फलंदाजाला तास-तासभर गोलंदाजी करून बाळूंचा हात तयार झाला हे खरं. गंमत अशी, गंमत कसली म्हणा, की त्या जाळ्यात बाळूंना कुणी कधी बॅट हातात दिली नाही. फलंदाजी साहेबांची, गोलंदाजी नोकराची.

खेळातून पोट भरणं हे त्या काळी साहेबाच्या देशातही हलकंच मानलं जाई. हौशी खेळणारा तो सद्‌गृहस्थ, पैसे घेणारा तो नुसता खेळाडू. इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये दोघांची कपडे बदलायची खोलीही वेगळी असे. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधल्या रग्बी क्लबांनी हडर्सफील्डला जमून मूळ संघटनेशी काडीमोड घेतला, तोही याच वादातून. गिरणीत नि खाणीत काम करणाऱ्या खेळाडूंचा सामन्यामुळे रोज बुडे, आणि त्याची भरपाई द्यायला वरची मंडळी तयार नव्हती. त्यातून रग्बी लीग हा वेगळाच खेळ उभा राहिला. तिकडे गिरणी कामगार बुडालेल्या रोजासाठी भांडत होते त्याच सुमारास इकडे पुण्यात बाळू चार रुपयांवर रोलर ओढत होते. तिकडे आड आला तो पैसा. इकडे पैशाच्या पलीकडे आणखी एक भिंत होती, आणि ती कुठल्याही ठरावाने मोडणारी नव्हती.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायची ईर्ष्या होती. साहेबांच्या क्लबातल्या नोकराची गोलंदाजी सगळ्या गावाने ऐकली होती. पण त्याला संघात घ्यायचं कसं? संघात ब्राह्मण मंडळी अधिक. काही तेलुगू खेळाडूंनी बाळूंची बाजू घेतली, आणि खुद्द ग्रेगनी जाहीरपणे सुचवलं की असा गोलंदाज हातचा घालवणं हा मूर्खपणा ठरेल. अखेर बाळूंना घेतलं. मग मोठी चमत्कारिक व्यवस्था सुरू झाली. मैदानात एकच चेंडू अकराही हातांतून फिरे, त्याचा कुणाला विटाळ होत नसे. चहाची वेळ झाली की दहा जण तंबूत जाऊन चिनीमातीच्या कपांतून चहा पीत, आणि अकरावा बाहेर. त्याच्यासाठी मातीचं बोळकं, प्यायल्यावर फोडून टाकायचं. जेवणाचं ताट वेगळं, बसायची जागा वेगळी. हातपाय धुवायला पाणी हवं असेल तर ते घालायला अस्पृश्य नोकरच यायचा.

हे वाचताना मला आमची पडवी आठवली. चेंडूला विटाळ नाही आणि भांड्याला आहे, हे शास्त्र आम्हालाही कुणी न शिकवता येत होतं.

पुण्याच्या संघाने साताऱ्याला जाऊन तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याला हरवलं ती कथा क्रिकेटवाल्यांच्या आवडीची आहे. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवून ती दगडासारखी केली होती. पण ज्याने उमेदीची वर्षं रोलर ओढण्यात घालवली त्याला खेळपट्टीच्या काय युक्त्या शिकवणार? बाळूंनी सात गडी बाद केले. त्यानंतर पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीर सभेत त्यांना हार घातला आणि संघातल्या मंडळींना सुनावलं की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायला कसला कमीपणा. पुढे टिळकांनीही त्यांचं जाहीर कौतुक केलं. एका चांभाराच्या मुलाचा रानडे आणि टिळक या दोघांनीही गौरव करावा, हे त्या पुण्यात लहानसं नव्हतं.

पुण्यात १८९६-९७च्या सुमारास प्लेगने थैमान घातलं. बाळू मुंबईला गेले. बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली, रेल्वेच्या संघातून ते खेळू लागले, आणि हिंदू जिमखान्यातही त्यांना प्रवेश मिळाला. तिथेही काहींनी नाकं मुरडली, पण पुण्याच्या मानाने मुंबई सैल. हळूहळू पालवणकर बंधू संघातल्या इतरांबरोबर जेवायला बसू लागले. सुधारक वर्तमानपत्रांनी त्यावर अग्रलेखी आनंद व्यक्त केला. हा मुद्दा मी जरा ठळकपणे सांगतो आहे, कारण बाळूंच्या पुढच्या आयुष्याची किल्ली मला इथे सापडते. त्यांनी स्वतःच्या हयातीत बोळक्याचा कप होताना पाहिला होता.

फेब्रुवारी १९०६मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. हिंदूंच्या २४२ आणि १६०, साहेबांच्या १९१ आणि १०२. बंगालच्या फाळणीनंतरचे ते तापलेले दिवस. मैदानाभोवती जमलेल्या गर्दीला तो नुसता क्रिकेटचा विजय वाटला नसणार. बाळूंच्या डाव्या हाताने त्यात मोठा वाटा उचलला. १९०७पासून पारशी, युरोपियन आणि हिंदू यांचे तिरंगी सामने सुरू झाले, १९१२ला मुसलमानांचा संघ आला आणि ते चौरंगी झाले. मुंबईला त्या सामन्यांचं वेड लागलं.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली सर्व समाजांचा मिळून पहिला हिंदी संघ इंग्लंडला गेला. महाराज राजदरबारी थाटात वावरले आणि सामने मोजकेच खेळले. संघाची एकूण कामगिरी यथातथाच. २३ सामन्यांपैकी सहा जिंकले, पंधरा हरले. पण पस्तिशीच्या आसपास आलेल्या, दुखऱ्या खांद्याच्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, त्यातले ७५ प्रथम दर्जाच्या सामन्यांत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात आठ. लीस्टरशायरवरच्या विजयात बळींचा मोठा वाटा त्यांचा, आणि सॉमरसेटविरुद्ध एक गडी राखून मिळवलेल्या विजयात शिवरामचं शतक. चेंडू टाकून टाकून खांदा निकामी व्हायची वेळ आली तरी त्यांना विसावा द्यायला संघात दुसरा तसा गोलंदाज नव्हता. दहा वर्षं आधी ही संधी मिळाली असती तर, हा विचार क्रिकेटवेड्या मनात आल्याशिवाय राहत नाही. प्रथम दर्जाचे जेमतेम ३३ सामने त्यांच्या वाट्याला आले, त्यांत १७९ बळी, सरासरी पंधराच्या घरात.

परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचं मानपत्र एका विशीतल्या कॉलेज विद्यार्थ्याने लिहिलं होतं, असं चरित्रकार नोंदवतात. त्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

इथे थोडं थांबायला हवं. या दोघांत सारखेपणा किती होता पाहा. दोघांचं मूळ कोकणात. बाबासाहेबांचं आंबडवे तर मंडणगड तालुक्यात, आमच्या महाडहून फार लांब नाही. दोघांचीही आडनावं गावावरून आलेली, दोघांचेही वडील लष्करात, आणि दोघांचाही जन्म कोकणाबाहेर लष्करी चाकरीच्या गावी झालेला. शाळेत पाणी वरून ओतलं जाणारा मुलगा तंबूबाहेर चहा पिणाऱ्या माणसाचं मानपत्र लिहितो. बाळू तेव्हा दलित समाजाचे सर्वांत गाजलेले पुरुष होते. धाकट्याने थोरल्याकडे कौतुकाने पाहावं असा तो काळ.

क्रिकेटमधला शेवटचा अपमान अजून व्हायचा होता. हिंदूंच्या संघात बाळूंइतका ज्येष्ठ आणि कर्तबगार दुसरा कुणी नव्हता, पण कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. एम. डी. पै कर्णधार झाले तेव्हा सत्काराच्या सभेत पैंनी स्वतःच मोकळेपणी कबूल केलं की हा मान बाळूंचा होता. १९२० साली पै आजारी पडले. तेव्हा विठ्ठल यांचा हक्क डावलून पुण्याचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांना नेमण्यात आलं, आणि बाळूंना तर संघातूनच वगळलं. विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर पत्रक काढून खेळायला नकार दिला. प्रकरण पेटलं, वृत्तपत्रांत पत्रांचा पाऊस पडला. अंतिम सामन्याला पै परतले, भाऊही परतले, बाळू उपकर्णधार झाले. सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्यापुरतं हिंदूंच्या संघाचं नेतृत्व बाळूंनी केलं. आयुष्यभराच्या सेवेवर मिळालेली ही घटकाभराची अधिकारपदवी! बँकेत निवृत्तीच्या आधी महिनाभर प्रभारी मॅनेजर झालेले लोक मी पाहिले आहेत, त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू आठवलं. १९२३ साली मात्र विठ्ठल रीतसर कर्णधार झाले, हिंदू जिंकले आणि प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. विठ्ठल यांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिलं, म्हणून यातलं बरंच आपल्याला ठाऊक आहे.

त्याच १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले, कागदावर. आमच्या महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केलं, तेही कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. पुढचं सर्वांना ठाऊक आहे : सत्याग्रहींना झालेली मारहाण, तळ्याचं झालेलं शुद्धीकरण, आणि दहा वर्षं चाललेला खटला.

बाळू आणि बाबासाहेब यांच्या वाटा इथून फाकत गेल्या. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू एम. सी. राजा यांच्याबरोबर संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले. पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३५मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तिलाही बाळूंचा विरोध होता. आणि फेब्रुवारी १९३७च्या निवडणुकीत मुंबईच्या राखीव जागेवर काँग्रेसने खुद्द बाबासाहेबांच्या समोर बाळूंना उभं केलं. मानपत्र लिहिणारा आणि मानपत्र घेणारा समोरासमोर. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. अंतर पाहा, साठी ओलांडलेल्या माणसाने झुंज चांगलीच दिली होती. बरोबर पुढच्या महिन्यात, १७ मार्च १९३७ रोजी, चवदार तळ्याच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला.

महाडच्या माणसाला इथे बाळूंवर राग येणं सोपं आहे. मलाही आला होता. मोठ्यांच्या हातातलं प्यादं झाले, असा शेरा मी पुस्तकाच्या समासात पेन्सिलने लिहूनही ठेवला होता. नंतर तो खोडला. बाळूंचा अनुभव खोटा नव्हता. ज्यांनी बाहेर बसवलं त्यांच्याच पंगतीला ते पुढे बसले होते, रानड्यांचा हार त्यांच्या गळ्यात पडला होता, धाकट्या भावाला सवर्ण प्रेक्षकांनी खांद्यावर घेतलेलं त्यांनी पाहिलं होतं. हा समाज बदलतो, असं त्यांना वाटलं तर ते पाहूनच वाटलं. पण तो कप मिळवायला त्यांना किती बळी घ्यावे लागले! तळ्यावर आलेल्या त्या हजारो माणसांना डावखुरी फिरकी येत नव्हती. त्यांना नुसती तहान लागत होती. बाबासाहेबांचा सवाल त्यांच्या वतीने होता, आणि बाळूंच्या सगळ्या धावफलकांत त्याचं उत्तर नाही.

आमच्या त्या शेतातल्या फिरकीवाल्याची पुन्हा गाठ पडली ती मी पोलादपूरच्या शाखेत बदलून आलो तेव्हा. तो एस. टी.त लागला होता, मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज हवं होतं. मी ओळख दाखवली, शिपायाला दोन चहा सांगितले. चहा येईपर्यंत आम्ही जुन्या खेळाच्या गप्पा मारल्या. मग त्याने सहज विचारावं तसं विचारलं, की तुमच्या आजी आहेत का. त्या गेल्याचं मी सांगितलं. लाडू चांगले करायच्या, असं तो म्हणाला आणि बशीत ओतून शांतपणे चहा प्यायला. अर्जावर सही करताना माझं पेन चाललं नाही. त्याने खिशातलं काढून दिलं.

बाळू पालवणकर ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. त्यानंतर सव्वा वर्षाने बाबासाहेबांनी नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. ‘लगान’ चित्रपटातला कचरा पडद्यावर चेंडू वळवू लागला तेव्हा जुन्या जाणत्यांना बाळू आठवले, पण तेही थोड्यांनाच.

मध्यंतरी कामानिमित्त मुंबईला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम प्रभादेवीला उतरलो. माझी जुनी शाखा आता तिथे नाही. गिरण्यांच्या जागी उंच इमारती आल्या आहेत. पी. बाळू मार्गाच्या तोंडाशी एक पानाची टपरी दिसली. टपरीवाले वयस्कर, मराठी. सुपारी घेता घेता त्यांना विचारलं, हे पी. बाळू कोण हो? त्यांनी चुन्याचं बोट पुसत क्षणभर विचार केला आणि सांगितलं की असतील कुणीतरी जुने नगरसेवक.

१९३३ साली मुंबई महापालिकेच्या निवडणुकीला बाळू उभे राहिले होते. हरले होते. ते काही मी त्यांना सांगत बसलो नाही. ते क्रिकेट खेळायचे, एवढं सांगितलं. टपरीवाल्यांनी मान वर करून प्रथमच त्या पाटीकडे नीट पाहिलं.